साडूच्या हातचं सोयाबीन

माझी चूक एका वाक्याची आहे, आणि ते वाक्य खोटं होतं. त्याच्या आधी बोललेलं वाक्य मात्र अगदी खरं होतं. म्हणून कितीतरी दिवस मी त्या खऱ्या वाक्याच्या आडोशाला बसून राहिलो. कुणी विषय काढलाच तर म्हणायचो, मी काय वाईट केलं, जे होतं ते सांगितलं. खोट्या वाक्याबद्दल कुणी विचारत नव्हतं, कारण मी ते बोललो तेव्हा हजर असलेल्यांत ते खोटं आहे हे फक्त तिघांना माहीत होतं: मला, माझ्या बायकोला आणि माझ्या साडूला. आम्ही तिघंही गप्प होतो. ते दोघं माझी लाज राखायला गप्प होते. मीही माझीच लाज राखत होतो.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. ज्यांच्यापुढे मी ते बोललो ते माझे सासरे त्यानंतर बरीच वर्षं जगले, म्हणून हे लिहायचा धीर तरी होतो आहे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही नागपूरला धंतोलीत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. धंतोलीत ज्याचं बिऱ्हाड असतं त्याच्याकडे पाहुणा तब्येत ठणठणीत असताना सहसा येत नाही. कुणाच्या पोटात गोळा, कुणाच्या डोळ्यात फूल, कुणाची सून अडलेली. बायकोच्या माहेरचे आणि माझ्या गावचे, सगळ्यांची पिशवी आधी आमच्या खुंटीला लागायची, मग डॉक्टरचा नंबर लागायचा. त्याचा मला कधी त्रास वाटला नाही. उलट अभिमानच होता, कारण आलेल्या माणसाला मी खाऊ घालायचो.

स्वयंपाक हा माझा मान होता. सासुरवाडी भिवापूरकडची, मिरचीच्या वावरांतली. मिरचीचे तोडे संपले की सगळे वावरात जमायचे आणि गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजायचे. त्यासोबतची वांग्याची भाजी मी करायचो. पुरुषांनीच रांधायचं असा त्या दिवसाचा रिवाज, आणि त्या रिवाजात मी पहिला. भाजीवर तिथल्याच मिरचीची लाल तर्री यायची, जेवणारे नाक पुसत पुसत पुन्हा वाटी पुढे करायचे. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते आल्यागेल्याला माझी ओळख करून देताना माझी नोकरी सांगत नसत. म्हणत, "हे आमचे मोठे जवाई. यायच्या हातची भाजी खाऊन पाहा." कचेरीत मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, पण त्या वावरात मी राजा होतो.

मग बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि साडू आला. शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, अंगानं किडकिडीत, बोलणं मऊ. मला तो दादा म्हणे. पहिल्या वर्षी माझी भाजी खाताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं तरी त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. तोपर्यंत मला तो आवडायचा.

त्या उन्हाळ्यात मामाजींचं पोटाचं ऑपरेशन झालं. होळी होऊन गेली होती. दवाखान्यातून त्यांना आमच्याकडे आणलं, कारण टाके, तपासणी, सगळं गल्लीच्या तोंडाशीच होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यांच्या तोंडाची चव गेली. डॉक्टरनं तिखट बंद केलं होतं. गळ्यात माळ असल्यामुळे अंडी, मटण यांचा प्रश्नच नव्हता. डाळीनं पोट फुगायचं. दूध नको म्हणायचे. गडी दिवसेंदिवस वाळत चालला. त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, जखम भरायची तर अंगाला काहीतरी लागलं पाहिजे, जे पचेल ते द्या, पण द्या.

मी कंबर कसली. बिनतिखटाचं वांगं केलं, दुधी केला, मऊ गुरगुट्या भात केला. मामाजी दोन घास घेत आणि ताट सरकवत. "भाजी चांगली हाय जवाईबापू," ते म्हणत, "माह्या तोंडालेच चव नाही." पण मला कळत होतं. माझी सगळी कला मिरचीत होती. मिरची काढून घेतली की माझ्या हातात काही उरत नव्हतं, हे मला त्या महिन्यात पहिल्यांदा समजलं, आणि समजलं त्याच आठवड्यात साडू पळसाच्या पानात बांधलेला पुडा घेऊन आला.

रविवार होता. मामाजी बाहेरच्या खोलीत कूलरसमोर झोपले होते. साडूनं स्वयंपाकघरात पुडा ओट्यावर ठेवला आणि पान उलगडलं. आत पांढरी, घट्ट वडी. कापल्यावर आतली सोयाबीनची डाळ दिसली, एकमेकींना पांढऱ्या कापसानं चिकटलेली. वास पावसाळ्यात लाकडावर उगवणाऱ्या सात्यांसारखा, म्हणजे अळंब्यांसारखा.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"याले टेंपे म्हणतात, ताई. तिकडे जावा बेटावर लोक रोज खातात. मी शिबिरात शिकून आलो."

"पण हे पांढरं काय हाय?"

साडू थोडा घुटमळला. मग म्हणाला, "बुरशी."

बायकोनं हात मागे घेतला.

"आपण लावलेली बुरशी, ताई. आपोआप आलेली नाही. दुधाले विरजण लावतो तसं सोयाबीनले लावाचं. पचाले एकदम हलकं होते. मामाजीले डाळ पचत नाही, पण हे पचीन. आम्ही दोघं दोन महिन्यांपासून खाऊन राहिलो."

"बाबा बुरशी खातीन काय? ते सात्यासुद्धा खात नाहीत."

"म्हणूनच सध्या त्यायले सांगू नका. सोयाबीनची वडी म्हणा. अंगात जरा ताकद आली का मीच सांगतो. शिव्या खाईन, पण मीच सांगीन. दादा, चालते ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मी मान हलवली होती.

मग त्यानं माझी कढई मागितली. "घेऊ का, दादा?" असं विचारूनच मागितली. त्यानं वडी आधी कढईत वाफवली, म्हणजे तिच्यातला कडवटपणा जातो म्हणे. मग पातळ कापून प्रत्येक कापावर सुरीनं आडव्या-उभ्या रेघा मारल्या. गरम मिठाच्या पाण्यात लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाटून घातला आणि त्यात ते काप बुडवून ठेवले. पाणी गरमच पाहिजे, नाहीतर मीठ आत शिरत नाही. मग काप निथळून, फडक्यानं टिपून, तव्यावर थेंबभर तेलात मंद आचेवर लाल होऊ दिले. तो घाई करत नव्हता. मी दाराला टेकून पाहत होतो. ज्याला मी आजवर नाक पुसत जेवणारा माणूस समजत होतो, तो माझ्या ओट्यापाशी उभा राहून तिखटाशिवाय चव आणत होता. खोलीभर भाजल्या शेंगदाण्यांसारखा वास सुटला.

बाहेरच्या खोलीतून मामाजींचा आवाज आला. "काय करून राहिले वं तुम्ही?"

ऑपरेशननंतर त्यांनी पहिल्यांदा आपणहून अन्नाची चौकशी केली होती.

त्यांनी एक काप खाल्ला, मग दुसरा. मग भाकरीचा तुकडा मागितला. "काय हाय हे?"

"सोयाबीनची वडी, मामाजी," साडू म्हणाला. "तुमच्याच वावरातलं सोयाबीन. मागच्या खेपेले तुम्ही दिलं होतं ना?"

मामाजी हसले. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी दोन हंगाम सोयाबीन पेरलं होतं, पण घरात ते कुणी तोंडात घातलं नव्हतं. डाळ शिजत नाही, वास येतो, जनावराचं खाणं आहे, असं म्हणून सगळं बाजारात जायचं. "माह्याच वावरातलं," ते म्हणाले, "आन् मलेच माहीत नाही." त्यांनी अजून एक काप घेतला. बायको पदरानं डोळे पुसत होती. मीही पुसायला हवे होते. मला फक्त एवढंच दिसत होतं की ताट रिकामं झालं आणि ते माझं नव्हतं.

मला कुणी वाढायला आलं तेव्हा मी नको म्हणालो. पुढेही कधी खाल्लं नाही. बायकोला वाटलं मला किळस येते. किळस मुळीच नव्हती. तो वास येताच माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. पण त्याच्या हातचं चाखून चांगलं म्हणावं लागेल, या भीतीनं मी ताट पुढे करत नव्हतो.

मग ते रोजचंच झालं. साडू कॉलेजातून सुटला की लुना मोपेडवर यायचा, कधी पुडा, कधी डबा. मामाजी लुनाचा आवाज ओळखायला लागले. "लहाने जवाई आले वाटते," म्हणत उशीला टेकून बसायचे. मी कचेरीतून येऊन त्यांच्यासमोरच बसलेलो असायचो. मी आल्याचं त्यांनी कधी असं म्हटलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं, ते बाहेरच्या ओट्यापर्यंत चालू लागले. डॉक्टरनं पाठ थोपटली, तीही साडूची. बायको त्याच्याकडून करायला शिकली. माझ्या स्वयंपाकघरात पळसाच्या पानांचे गठ्ठे आले, पंख्याखाली फडक्यावर सोयाबीन पसरलं जाऊ लागलं, दोघं हसत हसत साली काढू लागले.

"तुम्ही काहून तोंड पाडून बसले?" एकदा बायकोनं विचारलं.

"मी कुठं?"

"तेच म्हणते. तुम्ही कुठंच नाही. या ना, साली काढा. त्याचे हात दुखून राहिले."

"त्याले प्रयोगशाळेत सवय हाय," मी म्हणालो.

साली काढता काढता ती म्हणाली, "जळून राहिले का काय तुम्ही?"

मी हसलो. ती विनोद करत होती असं मी स्वतःला समजावलं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली ती आज लिहितानाही लाज वाटते. साडूनं बायकोजवळ ठेवलेल्या विरजणाच्या पुडीतली चिमूटभर पूड मी काढून घेतली. बायको बहिणीकडे गेली होती. मी सोयाबीन भिजवलं, शिजवलं, पूड लावली आणि एका स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून कपाटात ठेवलं. माझ्या हातची वडी मामाजींना वाढायची आणि ते खाऊन झाल्यावर सांगायचं, हे मी केलं, असं मनात होतं. नागपूरचा उन्हाळा. डबा उघडला तेव्हा आत चिकट, काळपट लगदा होता आणि घरभर असा वास पसरला की शेजारीण दार लावून घेऊन बसली.

बायकोनं डबा घासून ठेवला. तिनं साडूला सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, "दादा, त्याले हवा लागते. डब्यात गुदमरते ते. म्हणून मी पान घेतो, पानातून हवा जाते. आन् डाळ फडक्यावर कोरडी ठणठणीत झाली पाहिजे. शिजवताना चिंचेचं जरासं पाणी घाला. उन्हाळ्यात तर ते स्वतःच तापते, म्हणून कूलरच्या बाजूले ठेवाचं. माझं पण पहिल्या वेळी असंच सडलं होतं." त्याच्या बोलण्यात एक कण टोमणा नव्हता. त्यानं टोमणा मारला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

मग तो दिवस आला. गावाकडून मामाजींना पाहायला त्यांचे चुलतभाऊ आणि दोन शेजारी आले होते. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं. मामाजी खाटेवर मांडी घालून बसले होते, कित्येक दिवसांत तसे बसले नव्हते. साडू आत तव्यापाशी होता. बायकोनं सगळ्यांच्या ताटलीत वडीचे काप वाढले. मी तांब्या घेऊन पाणी देत होतो.

"खाऊन पाहा," मामाजी पाहुण्यांना म्हणाले. "या लहान्या जवायानं मले उठवलं. नाहीतर मी काही आता राहत नव्हतो."

"काय बाप्पा," चुलतभाऊ म्हणाले, "बायको घरी ठेवून जवायाच्या हातचं खाऊन राहिला तू."

"तिच्या हातचं खाऊनच तर ऑपरेशन झालं."

सगळे हसले. मग चुलतभाऊंनी माझ्याकडे हनुवटी केली. "आन् मोठे जवाई काय करतात मंग?"

"ते?" मामाजी म्हणाले. "ते पाणी देतात."

पुन्हा हशा झाला. त्यात काही वाईट नव्हतं. माझ्या हातात तांब्या होता आणि मी पाणीच देत होतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी मीही हसलो असतो. पण तेव्हा माझ्या कानशिलांत रक्त चढलं, आणि माझा आवाज मात्र कचेरीत फायलीबद्दल बोलावा तसा शांत निघाला.

"मामाजी, ती वडी नाही. सोयाबीनले बुरशी लावतात, आन् ती वाढली का खातात. बुरशी हाय ती."

हात जागच्या जागी थांबले. एक शेजारी तोंडातला घास मुठीत घेऊन बाहेर गेला. मामाजींच्या बोटांत अर्धा काप होता. तो त्यांनी ताटलीत ठेवला, अगदी सावकाश.

"बुरशी?"

साडू तव्यावर उलथायचा सराटा हातात घेऊन दारात आला होता. "हो, मामाजी," तो म्हणाला. "मी सांगणारच होतो. माझी चूक झाली."

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाले माहीत होतं?"

इथं मी ते वाक्य बोललो. "मलेबी आजच समजलं."

साडूनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, ओळखीच्या माणसानं रस्त्यात ओळख न दाखवल्यावर होतं तसं. तो एक शब्द बोलला असता तर मी उघडा पडलो असतो. तो बोलला नाही. बायको ताटल्या उचलत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

मामाजींनी चुळा भरल्या. बायकोला म्हणाले, "माही पिशवी भर वं." डॉक्टरनं अजून राहायला सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. पाहुण्यांबरोबरच गाडीनं गावी निघून गेले.

खरं लिहायचं तर पहिले काही दिवस मला बरं वाटलं. लुना येत नव्हती. कढई माझी होती. मी एकदा झणझणीत वांगं केलं. बायको जेवली नाही.

साडू गावी जाऊन आला. मामाजींनी त्याला ओसरीवरच बसवलं. त्यानं समजावायचा प्रयत्न केला, की तुम्हाला दवाखान्यात जे औषध टोचलं तेही अशाच बुरशीपासून निघतं. मामाजी म्हणाले, "ते सुईतून जाते. तोंडातून नाही जात." आणि आत निघून गेले. हे मला मेहुणीकडून बायकोला आणि बायकोकडून मला कळलं. सांगताना तिचा आवाज कोरडा होता.

"तुम्ही माह्या बापाशी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी तिथं उभी होती. मीबी तोंड उघडलं नाही, कारण तुम्ही माहे नवरे हा. आता माही बहीण मले विचारते, ताई, तू काहून बोलली नाही. काय सांगू मी तिले?"

मी म्हणालो, "बुरशी होती हे तर खरं ना?"

"मी बुरशीचं बोलून नाही राहिली," ती म्हणाली.

पावसाळ्याच्या तोंडावर मामाजींना पुन्हा धंतोलीत आणावं लागलं. या वेळी ते चालत आले नाहीत. सलाईन लावलं. दवाखान्यातल्या खाटेवर ते इतके बारीक दिसत होते की चादर उचलून खाली माणूस आहे ना ते पाहावंसं वाटे. गावी गेल्यापासून त्यांनी खाणं जवळजवळ सोडलंच होतं. चव हे कारण राहिलं नव्हतं. कुणी काही पुढे केलं की ते विचारायचे, "यात काय हाय?" मुगाचं वरण म्हटलं तरी विचारायचे. उत्तर ऐकायचे आणि वाटी बाजूला ठेवायचे. उत्तरावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. सासूबाई रडून थकल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाटलीवर माणूस किती दिवस काढणार, पोटात अन्न गेलं नाही तर मी काय करू शकतो.

एका दुपारी त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. मी वाटीत पेज आणली होती.

"यात काय हाय?" त्यांनी विचारलं.

"तांदूळ, मीठ. जराशी साय."

त्यांनी वाटीला हात लावला नाही. "तुम्ही ती वडी कधी खाल्ली नाही, जवाईबापू."



"मी पडल्या पडल्या पाहत होतो. सगळे खात, तुम्ही नको म्हणत. पहिल्या दिवसापासून. गावी पडून पडून मले हेच आठवे. ज्याले माहीत नसते तो काहून नको म्हणीन? म्हणजे तुम्हाले माहीत होतं."

मी पेज खाली ठेवली. आता खोटं बोलायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर दम लागल्यासारखं झालं होतं. बसायला मिळालं तर बरं, असं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "आम्ही तिघांनी मिळून लपवलं. लहाने जवाई म्हणाले होते का तुम्हाले ताकद आली का ते स्वतः सांगतीन. मी कबूल झालो होतो."

"मंग तुम्ही नको काहून म्हणत होते? बुरशीची किळस?"

"किळस नव्हती, मामाजी. तुम्ही त्यायच्या हातचं खात होते. माह्या हातचं खात नव्हते."

मामाजींनी डोळे मिटले. नळीतून थेंब पडत होते. मला वाटलं त्यांना झोप लागली. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "त्यानं मले फसवलं, हे खरं हाय. पण एकट्यानं नाही. आन् मी एकट्यालेच ओसरीवर बसवून वापस पाठवलं."

"माह्यामुळं."

"मले काय सांगता? ज्याले सांगाचं त्याले जाऊन सांगा." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् आणा त्याले. म्हणा, ताटात काय हाय ते सांगून वाढ. खाचं का नाही ते मी ठरवीन."

मी तिथून सरळ साडूच्या क्वार्टरवर गेलो. सायकलवर. वाटेत मनात शब्द जुळवत होतो, सगळे गुळगुळीत होते. गैरसमज झाला, बोलण्याच्या भरात निघून गेलं, असे. कचेरीतल्या पत्रात असतात तसे.

मेहुणीनं दार उघडलं. ती या म्हणाली नाही. दारातून बाजूलाही झाली नाही. मागे साडू लुना आडवी करून तिचा प्लग पुसत बसला होता. मला पाहून तो उठला आणि हात फडक्याला पुसत म्हणाला, "दादा, मामाजी कसे हायेत?" माझ्याआधी त्याला तेच आठवलं.

"तुम्हाले बोलावून राहिले," मी म्हणालो. "ताटात काय हाय ते सांगून वाढा म्हणतात."

"मी नाही येत, दादा. मी वाढलेलं ते खाणार नाहीत. मी गेलो का अजून चिडतीन. एकदा जाऊन पाहिलं मी."

"आता नाही चिडणार. मी त्यायले सगळं सांगितलं."

"काय सांगितलं?" हे मेहुणीनं विचारलं.

वाटेत जुळवलेलं सगळं मी विसरलो होतो. मी पायरीच्या खालीच उभा होतो, आणि तिथूनच बोललो.

"मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे सांगितलं. मी तुमच्यासमोर मान हलवली होती, हे सांगितलं. त्या दिवशी मी जे बोललो ते मामाजीच्या भल्यासाठी नाही बोललो. ते तुमच्या लुनाचा आवाज ऐकून उठून बसायचे आन् मी समोर बसलो राहायचो, ते मले सहन होत नव्हतं. तुम्ही त्यायले खाऊ घालत होते आन् मी जळत होतो. आन् त्यायनं विचारल्यावर मी सगळा दोष तुमच्या एकट्यावर टाकला. तुम्ही तेव्हा बोलले असते तर माही काय इज्जत राहिली असती? तुम्ही माही लाज राखली, आन् मी महिनाभर तुमच्याकडे फिरकलो नाही. त्यायची ही हालत माह्यामुळं झाली, तुमच्यामुळं नाही. माह्याकडून फार वाईट झालं. मले माफ करा." मग मी मेहुणीकडे वळलो. तिच्याकडे पाहणं जास्त कठीण होतं. "तुमचीबी माफी मागतो, बाई. तुमच्या बापाशी मी खोटं बोललो, आन् तुमच्या नवऱ्याले खोटं पाडलं."

मेहुणी दारातून बाजूला झाली, आणि साडू हात धुऊन पळसाच्या पानातला पुडा घ्यायला आत गेला.